पुठ्ठा

इंजिन एस्टीमचं, बार्शी रोडच्या भंगारातलं.
मागून ट्रक बसलेला, म्हणून पुढचं सगळं शाबूत.
गाडी माझी: दोन सीटांची, फायबरची, कापडी टपाची,
अकरा वर्षं कुंभारीत बाभळीखाली उभी.
आत मांजरीनं दोनदा संसार मांडलेला.

दोघांचं जमेना.
इंजिनाची भोकं एकीकडे, गिअरबॉक्सची दुसरीकडे.
मधे एक प्लेट लागणार, बारा मिलिमीटर जाडीची,
आणि तिचं माप कुणाकडेच नव्हतं.
म्हणजे, होतं. पुण्यात एकाकडे होतं.
फोनवर गोड बोलला, ऊन किती आहे विचारलं,
मापाचं काढलं तर म्हणाला,
गाडीच इकडे पाठवा ना.

मग मी नानांची ट्रंक उघडली.

नाना जकार्डचे पुठ्ठे पाडायचे, साखर पेठेत.
एक भोक म्हणजे एक दोरा वर.
त्यांचा मोर अख्ख्या सोलापुरात कुणाला जमला नाही,
कारण त्यांनी तो कुणाला दाखवला नाही.
रात्री दार लावून पाडायचे. किल्ली जानव्याला.
शेजारचे राजमोगली चिट्याल एकदा खिडकीशी उभे दिसले
तर दोन घरांतलं बोलणं बंद,
हळदीकुंकूसुद्धा बंद.

ट्रंकेत वाळवी होती.
मोराची मान सापडली. पिसाऱ्याचं पीठ झालेलं.
तळाला चार कोरे पुठ्ठे निघाले, ते खळीनं चिकटवले,
गिअरबॉक्सच्या तोंडावर धरले
आणि ग्रीसच्या बोटानं कडेकडेनं दाबत गेलो.
नऊ काळी वर्तुळं उमटली.

पहिली प्लेट वाया.
दुसरी बसली, पण चाळिसाच्या पुढे गिअरबॉक्स कण्हायचा.
मुनीर शिकलगारनं लेथ बंद करून कान लावला.
‘सेंटर हुकलंय बे, केसभर.’
केसभर म्हणजे तीन दशांश.
तो केस शोधण्यात तीन रविवार गेले,
आणि मुनीरच्या घरच्यांनी मला जेवायला विचारणं सोडलं.

तिसरी बसली.
पहाटे पाचला हैदराबाद रोडवर तिला सोडली
तेव्हा कडब्याच्या गाड्या मागे पडल्या, टोलनाका आला,
आणि मला कळेना आता कुणाला सांगू.

आठवड्यानं मोहोळचा एक पोरगा आला.
तीच गाडी, तेच दुखणं. माप द्या, म्हणाला, पैसे देतो.
आणि माझ्या जिभेवर काय आलं सांगू?
गाडीच इकडे घेऊन ये.
आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

त्या रात्री पांढरा ऑइलपेंट आणला
आणि शटरवर बाहेरून सगळं लिहून काढलं.
नऊ भोकं, डॉवेलची जागा,
क्लच-प्लेट जुन्या गाडीची, प्रेशर-प्लेट नव्या इंजिनाची,
एक्केचाळीस वायरींतल्या कामाच्या एकोणीस.
चुकलेल्या दोन प्लेटींचे आकडेही ठेवले,
त्यांच्यावर नुसती एकेक रेघ.
दुकान उघडं असताना शटर वर गुंडाळलेलं, काही दिसत नाही.
बंद असलं की वाचता येतं.

मुनीर म्हणाला, वेडा आहेस. पोट कशावर भरणार?
उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

एका सकाळी खाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं:
फॅन चौदा इंची लाव. एप्रिलात तापेल.
नाव नव्हतं.
लावला. बरोबर होता.

परवा संध्याकाळी शटर ओढत होतो
तर मागे राजमोगली काका उभे. ऐंशीच्या पुढचे,
नजर आकड्यांवर, हात पाठीमागे.
गाडीतलं त्यांना काय कळणार. बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, तुझ्या बापाच्या मोराचं काही उरलंय का?
मी म्हटलं, मान.

‘पिसारा मी पाहिला होता,’ ते म्हणाले.
‘खिडकीतून. एकदाच.
बत्तीस डोळे होते, शेवटची ओळ तिरकी.
खडू आहे का रे?’